चुकलेलं पान आणि शिवम्माची शेळी

बाळांनो, रोजचं शुभवर्तमान वाचून काय मिळतं, असं तुम्ही पत्रात विचारलंत. खरं सांगते, कित्येकदा वैतागच मिळतो.

निजामाच्या राजवटीत तुमचे आजोबा उमरग्याच्या शाळेत मास्तर होते. फादर दोन-तीन महिन्यांतून एकदा येत. एरवी मी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, इंग्रजी पुस्तकातून त्या दिवसाचं वाचन करायची. त्या काळी मधे कुणा संताचा सण नसला, तर रविवारचंच शुभवर्तमान आठवडाभर यायचं. त्या आठवड्यात आलं ते असं, की वेदीशी अर्पण आणलं आणि कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

मला आठवायची गरजच नव्हती. शेजारच्या शिवम्माच्या शेळीनं माझा कढीपत्ता मुळापर्यंत खाल्ला होता आणि मी चार बायकांदेखत म्हणाले होते, "तुमच्या घराला शिस्त म्हणून नाही." महिनाभर बोलणं बंद. त्यातच तुमचे बाबा, सहा महिन्यांचे, आजारी पडले. माझं दूध आटलेलं, गाईचं पचेना. हकीम म्हणाले, शेळीचं द्या. शिवम्माकडे जायला मी मनाई केली, म्हणून आजोबा गावभर फिरून रिकामं भांडं घेऊन आले. सोमवारी तेच वाचन, मंगळवारी तेच. बाळाचं रडणं थांबून कण्हणं सुरू झालं. बुधवारी तोच मजकूर समोर आला तेव्हा मी पुस्तक आपटलं. "कळलं, कळलं," असं देवालाच सुनावून भांडं उचललं.

शिवम्मा दारातच बसली होती. "आलात व्हय, मास्तरीणबाई? तीन दिस झालं, पोराचं रडणं ऐकू येतंय. शेरडी कुठं गावाला गेली न्हाय."

"मग तुम्ही का नाही आलात?"

"येणार हुते. म्हनलं, पुन्ना शिस्त शिकवाल."

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिनं माझं लख्ख घासलेलं भांडं घेतलं, माझ्यादेखत पुन्हा धुतलं आणि धार काढायला बसली.

बाळ वाचलं. पुढं फादर आले. पुस्तकातली खुणेची फीत पाहून म्हणाले, "तुम्ही एक आठवडा पुढं आहात." निजामाच्या राज्यात शाळेची सुट्टी शुक्रवारी. एका शुक्रवारी मी आठवडा संपला समजून पान उलटलं होतं आणि रविवारी पुन्हा. एवढी शिस्तीची मी. त्या आठवड्याचं खरं वाचन होतं जाळी भरून मासे सापडल्याचं. ते वाचून मी काही शिवम्माकडे गेले नसते आणि बाळाला आणखी आठवडा थांबता आलं नसतं.

देवानं पान उलटलं असं मी म्हणत नाही, उलटलं मीच. पण माझी चूकही त्यानं वाया जाऊ दिली नाही, याबद्दल रोज त्याचे आभार मानते. अजून वाचते, अजून वैतागते. आणि वैताग फार झाला, की आधी भांडं शोधते.