पाचवा ग्लास

मोरूकाका माणसाला आधी हुंगायचे आणि मग नमस्कार करायचे. पालघरला कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले, नाक किंचित वर केलं आणि माझ्यासमोर बसलेल्या अशिलाला म्हणाले, "काल सांजची ना रे? इंग्लिश. वरनं बडीशेप खाल्लीस." अशील जो उठला तो त्या दिवशी पुन्हा आलाच नाही. मग काका माझ्याकडे वळले, हात जोडले. "नमस्कार बाय. माज्या पोराला गाडीनं उडवला. उडवनारा पिऊन होता. त्याला आत टाकायचा हाय."

उमरोळीच्या बाजूला त्यांची ताडांची वाडी होती आणि रस्त्याला लागून परवान्याचं ताडीकेंद्र. चाळीस वर्षं झाडावर चढून त्यांच्या तळपायांना चपलांची गरज उरली नव्हती. जन्मभर ताडी उतरवली, जन्मभर विकली, पण स्वतः थेंबही घेतला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वर चढल्यावर दोन हात नि दोन पाय पन कमी पडतात बाय. त्यात डोकं हललं, तर धरायचं कशानं?" कुणाच्या तोंडाला किती तासांपूर्वीचा वास आहे हे ते बिनचूक सांगत आणि आमच्या कोर्टातले निम्मे लोक त्यांच्यापासून दोन हात लांब उभे राहत.

त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन. वय सव्वीस, तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. पहिली पाळी संपवून दुपारी साडेतीनला तो मोटारसायकलवरून घरी येत होता. घर अर्ध्या किलोमीटरवर राहिलं होतं. समोरून एक मोठी मोटार आपली बाजू सोडून आली आणि त्याला घेऊन विजेच्या खांबावर गेली. मोटार चालवणारा कुंभवलीजवळच्या एका छोट्या केमिकल कारखान्याचा मालक होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे, त्याला एवढीही जागा द्यायची माझी इच्छा नाही. काका त्याला नुसतं 'तो' म्हणायचे. मीही तेच म्हणते.

रक्ताचा तपासणी अहवाल आला, त्यात दारूचं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट होतं. मला वाटलं, आता काय उरलं? मी नवी होते. माझे वडील साताऱ्याहून बोईसरला कारखान्यात नोकरीला आले, मी तिथेच वाढले, आणि अहवाल म्हणजे निकाल असं मला वाटायचं. सरकारी वकिलांना मदत करायची म्हणून मी काकांचं वकीलपत्र घेतलं आणि मग आम्ही दोघं कोर्टाच्या बाकावर तारखा मोजत बसलो.

बाकावर बसलं की आजूबाजूच्या भानगडी आपोआप कानावर येतात. एकाने पिऊन रिक्षा तळ्यात घातली, पोहत बाहेर आला आणि ओल्या कपड्यांनीच रिक्षा चोरीला गेल्याची तक्रार द्यायला ठाण्यात गेला. दुसऱ्याने नाकाबंदी दिसताच शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला स्टिअरिंगवर ढकललं. तिला गाडी येत नव्हती, तिने ती थेट हवालदाराच्या मोटारसायकलवर नेली. आम्ही वकील हसून हसून बेजार व्हायचो. काका हसत नसत. गोष्ट संपली की प्रत्येक वेळी एकच विचारायचे, "त्याचं लायसन काढलं काय?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असायचं.

एका तारखेला 'तो' आमच्यासमोरून कोर्टात गेला आणि काका ताडकन उठले. "आज पन पिऊन आलाय!" ते ओरडले. शिपाई धावला, न्यायाधीशसाहेबांनी काकांनाच समज दिली. कोर्टाची शांतता त्यांनी भंग केली होती ना! तासाभराने आम्ही बाहेर आलो तर 'तो' स्वतः गाडीत बसून, काच खाली करून, आम्हाला वाट सोडायला हॉर्न देत होता. बंदोबस्ताच्या पोलिसाला मी सांगितलं तर तो म्हणाला, वास तपासणारं यंत्र माझ्याकडे नाही, मॅडम. त्या दिवशी मला काकांसारखं नाक नाही याचं दुःख झालं नाही, हातात दगड नाही याचं झालं.

काकांचा सूड साधा होता. फाशी, जन्मठेप असलं काही त्यांच्या बोलण्यात नसे. "बोईसर नाक्यावर त्याला रिक्षाला हात करताना मला बघायचाय," ते म्हणत. "एकदाच. नि रिक्षावाला 'नाय येत' म्हनला पायजे."

काकूंना, म्हणजे मालतीकाकूंना, ते कधी बरोबर आणत नसत. ती रडेल, तिला जमणार नाही, असं सांगत. मला ते पटलं होतं.

साक्षी सुरू व्हायच्या आधी आरोपीच्या बाजूने एक अर्ज आला. वकील मुंबईचा होता, गोड बोलणारा. म्हणणं असं, की आरोपीने त्या दुपारी दारू घेतलीच नाही. तो रस्त्याकडेच्या केंद्रावर नीरा प्यायला थांबला, आणि विक्रेत्याने नीरा सांगून त्याला ताडी पाजली. फसवून पाजलेल्या नशेत काही घडलं तर कायदा माणसाला सवलत देतो, तेवढीच फट त्याने धरली होती. केंद्र कोणाचं, हेही लिहिलं होतं. मोरूकाकांचं.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "काका, हा तुमच्याकडे आला होता?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "आला होता."

दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसत होता.

"नीरा दिलीत?"

"दीड वाजता निरा कुठली, बाय? ताडी दिली. मागून घेतली त्यानं. गाडीतनं आदीच पिऊन उतरला होता."

"काकूंना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

आता जे मी बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "काका, गिऱ्हाइकं पुष्कळ असतात. आठवत नाही म्हणा. तुमचा परवाना वाचेल, घरही वाचेल."

"आनि तो?" काका म्हणाले. "मी आठवत नाय म्हनलो, तर तो निरा म्हनेल नि सुटेल. मी कशाला त्याला सोडू?"

साक्षीच्या दिवशी ते काकूंना घेऊन आले. "तिनं माज्या तोंडातून ऐकला पायजे," एवढंच मला म्हणाले. काकू मागच्या बाकावर, पदर घट्ट धरून बसल्या. त्यांना वाटत होतं, आज आपला माणूस नितीनबद्दल बोलणार.

मुंबईचा वकील उठला. "तुम्ही माझ्या अशिलाला नीरा म्हणून ताडी दिलीत, खरं ना?"

"साहेब, निरा सूर्य वर यायच्या आत उतरते. त्या मडक्याला आतून चुना लावलेला असतो, म्हनून ती आंबत नाय. मी त्या सालात एका पन मडक्याला चुना लावला नव्हता, माजं केंद्र ताडीचं हाय. पाटीवर लिवलंय. पाटी मराठीत हाय, त्याला वाचता येते."

"पण आपण काय पितो आहोत हे त्यांना ठाऊक होतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"त्यानंच सांगितला. म्हनला, सकालची नको, ती गोड लागते. दुपारची दे, चढनारी. पहिल्यांदा आलेला मानूस असा मागत नाय, साहेब. जुनं गिऱ्हाइक मागतो."

वकिलाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की ताडी पिणारा वेळ सांगून मागतो. नीरेचं सोंग तिथेच उघडं पडलं. पण तो कसलेला होता, त्याने मोहरा फिरवला. "किती ग्लास दिलेत?"

"पाच."

"पाचवा देताना ते झिंगलेले दिसत होते?"

"दिसत होता. टेबलाला पाय अडकला त्याचा."

"बाहेर त्यांची गाडी उभी होती?"

"होती. चावी टेबलावर होती, गलासाच्या शेजारी."

"तरी तुम्ही दिलात. म्हणजे तुमच्या मुलाच्या मृत्यूला तुम्हीच जबाबदार, असं मी म्हणतो."

काकांनी कठडा धरला.

"हाय," ते म्हणाले. "लिवा. माजं नाव लिवा. पन चावी यानं उचलली, ते पन लिवा. मी चावी उचलायला पायजे होती, मी नाय उचलली. यानं उचलली."

मी मागे वळून पाहिलं. काकूंची जागा रिकामी होती.

त्याला शिक्षा झाली. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने जीव घेणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षंच होती, साहेबांनी ती पुरी दिली, दंड केला, लायसन काढलं. निकालात त्यांनी काकांची साक्ष 'स्वतःचं नुकसान पत्करून दिलेली, म्हणून विश्वसनीय' अशी नोंदवली. काकांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्याने अपील केलं आणि त्याच आठवड्यात जामिनावर बाहेर आला. आणि झिंगलेल्या माणसाला विकल्याबद्दल काकांचा परवाना मात्र महिन्याभरात गेला. त्या अपिलाला पुढे वर्षानुवर्षं सवड मिळाली, परवान्याला एक दिवस मिळाला नाही. माझा संताप आजही उतरलेला नाही.

काका मात्र रोज बोईसर नाक्यावर जाऊन बसू लागले. पंधरा दिवसांनी माझ्याकडे आले ते एकदम म्हातारे दिसत होते. "त्यानं ड्रायवर ठेवला, बाय," म्हणाले. "मागं बसून जातो. पेपर वाचत." मी दोन चहा मागवले.

घरात काकू त्यांना वाढत होत्या, त्यांचे कपडे धूत होत्या, पण त्या साक्षीपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. हेही काकांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. "बरोबर हाय तिचं," एवढं पुढे जोडलं. दुसऱ्या वर्षी ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. अपील तसंच पडून होतं.

बाराव्यानंतरच्या सोमवारी काकू एकट्याच माझ्या ऑफिसात आल्या. मी उठून त्यांचे हात धरले. काका किती खरे होते, त्या दिवशी ते खोटं बोलले असते तर 'तो' सुटलाच असता, असं काहीबाही मी बोलत राहिले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मग माझ्या हातांतून आपले हात सोडवले.

"माज्या मानसाला मी माफ नाय केला," काकू म्हणाल्या. "मेला तरी नाय. आनि त्या दुसऱ्याला तर करनारच नाय. आता मी येत जाईन. पुडची तारीख सांग."