दोन ताटांचा प्रसंग

आमचे डायरेक्टर स्वतःचा सिनेमा पडद्याकडे पाठ करून पाहायचे. अकोल्यात त्यांचा विनोदी चित्रपट लागला की मुंबईहून येत, पहिल्या खेळाला पडद्याखाली उलटी खुर्ची मांडत आणि लोकांचे चेहरे न्याहाळत बसत. म्हणत, "पडद्यावरचं मले ठाऊक हाय, मास्तर. लोकायचं ठाऊक नाही."

जिथे लोक हसले नाहीत, तो तुकडा ते ऑपरेटर रशीदभाईंकडून रिळातून कापून घेत. त्यामुळे त्यांचे सिनेमे अकोल्यात जरा आखूडच दिसले. स्वतः त्यांना हसताना मी पाहिले नाही.

बायको गेल्यावर ते जुन्या शहरातल्या घरी महिना-महिना येऊन राहत. स्वयंपाक स्वतःच करत आणि सवयीने दोन ताटे वाढत. चूक लक्षात आली की दारात येऊन दिसेल त्याला हाक मारत. शाळेतून परतताना मी असाच सापडलो. "या ना मास्तर. वाढून झालं हाय, आता काय करू त्याचं?" भाकरी कच्ची होती. आमची ओळख तेव्हापासूनची.

शेवटच्या चित्रपटात त्यांनी हेच घातले. विधुर नायक रोज दोन ताटे वाढतो आणि जेवणारा शोधत गल्लीभर फिरतो. पोस्टमन त्याला पाहून सायकल वळवतो. चित्रपट सगळ्यांत आधी अकोल्यात लागला, पण दुपारच्या पहिल्या खेळाला कोणीच हसले नाही. कोणी उठलेही नाही. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे टिपत होती.

खेळ सुटल्यावर रशीदभाई खाली आले. "साब, वो थालीवाला रहने दूँ ना?"

मीही म्हणालो, "राहू द्या. लोक गप्प होते, पण पाहत होते."

ते रिकाम्या बाकांकडे पाहत राहिले. "दिसलं मले. पण हसाले आले होते ना ते, मास्तर. माह्या घरचं कायले दाखवू त्यायले?" मग रशीदभाईंना म्हणाले, "काढ."

संध्याकाळच्या खेळाला लोक पोट धरून हसले. डायरेक्टर दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले. ते वारल्याचे मला चार महिन्यांनी कळले.

पुढे कामानिमित्त पुण्याला गेलो, तेव्हा तोच चित्रपट तिथे लागला होता. पुण्याची प्रिंट अख्खी असेल, म्हणून तिकीट काढले. नायकाने चूल पेटवली, पीठ मळले आणि एकदम बाजार दिसू लागला. तो तुकडा कापायला त्यांनी सगळीकडेच कळवले होते. आजूबाजूला लोक हसत होते. त्या दुपारी अकोल्यात जे बसले होते, त्यांच्याखेरीज तो प्रसंग कोणीही पाहिलेला नाही.