भुईची मर्जी

चपात्या लाटता लाटता पंचशीलामावशी बुद्धाच्या गाथा म्हणायची. लातूरच्या क्लासच्या गल्लीत तिची खानावळ. जेवायला बसलेल्या पोरींचा एक हात ताटात, दुसरा जीवशास्त्राच्या नोट्सवर; मावशी काय पुटपुटते याकडं कुणाचं ध्यान नसायचं. त्या संध्याकाळी मात्र हिमायतनगरची, मावशीकडंच राहणारी दिपाली खुदकन हसली.

"मावशी, अनिच्छा काय म्हणून राहिलात? अनिच्च हाय ते!"

"तेच की गं."

"तेच कसं? अनिच्छा म्हणजे मर्जी नसणं. अनिच्च म्हणजे काहीच टिकत न्हाई. पाली भाषा हाय ती. आमचे पप्पा विहारात शिकवतेत."

मावशीच्या हातातलं लाटणं जागीच थांबलं.

किल्लारीच्या भूकंपात निलंग्याकडचं तिचं घर बसलं, अन् चार वर्षांची तक्षशिला दगडमातीखाली गेली. गावात गेलेल्या सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. भंतेजी गाथा म्हणत होते, पण त्या आकांतात तिच्या कानात एकच शब्द शिरला: अनिच्छा. पुढं पत्र्याच्या शेडात भुईला शिव्या घालता घालता तो शब्द तिला पुन्हा सापडला. म्हणजे हे कुणाच्या मर्जीनं झालं न्हाई. भुईच्याबी न्हाई! त्या एका शब्दावर तिनं भुईला माफ केलं, तेव्हा कुठं पक्क्या छपराखाली पाठ टेकली.

आणि आता ही पोरगी म्हणते, तो शब्दच नाही.

जेवणं उरकली, तशी मावशीनं खाट ओढत अंगणात नेली.

"मावशी, खाट भाईर?"

"काहीच टिकत न्हाई म्हणलीस ना? मग छपराचा काय भरवसा?"

दिपालीचा चेहरा पडला. तिनं घाईघाईनं पप्पांना फोन लावला आणि मावशीच्या कानाला धरला.

"जयभीम, ताई. आनंदराज बोलतो. पोरीनं आगाऊपणा केला, माफ करा."

"जयभीम, दादा. माफीचं ऱ्हाऊ द्या. पोरगी चुकली का, तेवढं सांगा."

"...न्हाई, ताई."

"मग त्या अनिच्चात काय काय येतं? घर?"

"येतं."

"लेकरू?"

"येतं, ताई."

"अन् भुई?"

"भुईबी. सगळंच म्हटलंय. भुईला त्यातनं सोडलेलं न्हाई."

मावशी खाटेवर जाऊन आडवी झाली. फोन दिपालीनंच बंद केला.

भूकंपाच्या स्मरणदिनाला बाया जुन्या गावठाणात जमल्या. गाथेला सुरुवात दरसाल पंचशीलाच करायची. आज ती गप्प. पूर्वीची शेजारीण नागम्मा फुलं घेऊन आली होती, तिनं कोपरानं ढोसलं, "काय गं, भोंगा बिघडला का?"

पंचशीला घराच्या जागेवर खाली बसली. पावसानं काळी माती फुगून आली होती. उन्हाळ्यात हीच माती पाय जाईल एवढी फाटते आणि पावसात आपसूक मिटते. लहानपणापासून ती हे बघत आली होती, तुडवत आली होती. पण ही कधी थांबतच नाही, हे तिला आजवर दिसलं नव्हतं. ज्या भुईला ती आयुष्यभर एका जागी बसलेली समजत होती, तीसुद्धा घरासारखी, लेकरासारखी त्या एका शब्दात होती. तिला तरी कुठं थांबता येतं!

तिनं ओल्या मातीवर तळवा ठेवला.

"तूबी का गं?" ती पुटपुटली.

"कुणाशी बोलतीस?" नागम्मा दचकली.

पंचशीलानं हात जोडले आणि स्वच्छ म्हणाली, "अनिच्च."

मावशी लातूरला परतल्यावर दिपाली अंगणात खाट टाकायला धावली. मावशीनं तिला अडवलं, खाट भिंतीला उभी केली आणि आत फरशीवर वाकळ अंथरली.

"आत निजणार, मावशी? भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की." मावशी कुशीवर वळली, फरशीवर हात पसरून. "ह्या भुईलाबी वाटत असंल."