बोडक्याची मान

लढाईची वर्षं होती. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावात मी मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. वय तेवीस, पगार बेताचा आणि अक्कल, माझ्या स्वतःच्या मते, मुबलक. घरात मी आणि आई, दोघंच. अंगणात आईच्या चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. हा कोंबडा दिसायला अगदी अवलक्षणी. अंगावर तांबडी-काळी पिसं, शेपूट झोकदार, पण मान डोक्यापासून छातीपर्यंत उघडी आणि लालभडक. त्याच्या जातीला मानेवर पीस येतच नाही. आई त्याला बोडक्या म्हणायची आणि माझ्या ताटात भाकरी वाढायच्या आधी त्याला तुकडा टाकायची. याचा मला राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नगरच्या मिशन बंगल्यातल्या मडमबाईंनी त्या सुमाराला खेड्यापाड्यांत कोंबड्या सुधारायचं मनावर घेतलं होतं. मी अर्ज केला. मला पाच कोंबड्या आणि एक कोंबडा मंजूर झाला, लेगहॉर्न जातीचे, पांढरेशुभ्र. अट एकच: अंगणात गावठी कोंबडा ठेवायचा नाही. पहिली पिल्लं निर्भेळ निघाली तर पक्षी कायमचे आमचे, नाहीतर पेटी परत. मी ही गोष्ट पाटलापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकली.

पक्ष्यांची पेटी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून आली. तेव्हा पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशावर चालायच्या. साठ मैल तो धूर खाऊन पांढरेशुभ्र पक्षी करडे होऊन उतरले.

"ह्याच व्हय पांढऱ्या?" आई म्हणाली.

धुतल्यावर त्या पांढऱ्या निघाल्या, आणि अंडीही खरोखर रोज घालू लागल्या. पण अंडं घातलं की झटकन उठून चालू लागायच्या. खुडूक होऊन अंडी उबवत बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आईला हे फार लागलं. "घातलं की निघाली! ही कसली आई?" असं ती त्यांना तोंडावर विचारायची. त्यांचा कोंबडा तर उन्हं चढली की चोच वासून रांजणाच्या गारव्याला जाऊन बसायचा. बोडक्यानं एकदा नुसतं त्याच्याकडे बघितलं तर हा चुलीमागे शिरला. आईनं त्याला शेपटी धरून बाहेर काढला.

पण सुधारणा म्हणजे सुधारणा. चौथ्या दिवशी मी फर्मावलं, "आज बोडक्या कापायचा."

आईनं बोडक्याला भाकरीचा तुकडा टाकला. मग म्हणाली, "तू शाळंला जा. मी बगते."

संध्याकाळी झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी तंगडी हातात घेऊन आईला व्याख्यान दिलं. अंड्याला विलायती जात चांगली हे खरं, पण ही चव गावरानचीच. ही त्या पांढरीला सात जन्मात यायची नाही. आई "व्हय, व्हय" करत पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, चूल धुमसतेय.

त्याच दिवशी पांढऱ्यांतली एक कमी झाली होती. कुत्र्यानं धरली, असं आईनं सांगितलं. मी बंगल्याला खेदाचं पत्र लिहिलं, दोन पानी.

त्यानंतर शाळेत एक नवीनच त्रास सुरू झाला. पाढे ऐन रंगात आले की माझ्या घराच्या बाजूनं दणदणीत बांग ऐकू यायची. लेगहॉर्नचा आवाज असा नव्हता; तो बिचारा बांग दिल्यावर स्वतःच दचकायचा. "कोणाचा रे हा कोंबडा?" असं विचारलं की सगळा वर्ग पाट्या तोंडापुढे धरायचा. शेवटी पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "मळ्यातल्या काकूंकडं असतुया, मास्तर." माझं समाधान झालं. ती खोटं बोलली नव्हती, पण हे मला पुढे कळायचं होतं.

पौषात आईची एक गावठी कोंबडी खुडूक बसली. तिच्याखाली पांढऱ्यांची अंडी ठेवायची ठरली. पेटीबरोबर आलेल्या पत्रकात डझनभर लिहिलं होतं, म्हणून मी बारा आणली. आईनं एक परत माझ्या हातात दिलं. अंडी विषम ठेवायची, अकरा. आणि विजेनं बाद होऊ नयेत म्हणून अंड्यांच्या पाटीत लोखंडाचा खिळा. मी पत्रक वाचून दाखवू लागलो.

"तू कागदातनं पिल्लं काड," आई म्हणाली, "मी पाटीतनं काडते."

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. रंग पिवळसर पांढरा, अगदी हवा तसा. पण नवांतल्या सहांची मान उघडी!

मी हादरलो. बोडक्याचा संशय यायचं कारणच नव्हतं. तो मी स्वतः खाल्ला होता. म्हणजे हा नक्कीच रोग. मी पत्रक उलटंपालटं वाचलं आणि पीस गळण्यावर स्वतःचा उपाय काढला: खोबरेल तेलात हळद कालवून सकाळ-संध्याकाळ मानेला चोळायची. पंधरा दिवस मी सहा पिल्लांना एकेक करून मांडीवर घेत होतो आणि करंगळीनं तेल लावत होतो. आई चुलीपाशी पाठमोरी बसायची आणि तिचे खांदे हलायचे. मला वाटलं, तिलाही पिल्लांची काळजी लागलीय.

मग एका दुपारी मडमबाई छकड्यातून आल्या. पुढच्या गावी बायकांची सभा होती, वाटेत पिल्लं बघायला थांबल्या. मला शाळेत घरून बोलावणं आलं आणि मी धावत घरी गेलो. मडमबाईंच्या तळहातावर एक पिल्लू होतं. तेलानं त्याची मान चकाकत होती.

"रोग आहे, बाईसाहेब," मी म्हणालो. "उपचार चालू आहेत."

मडमबाईंनी बोटाला लागलेली हळद बघितली, पिल्लू बघितलं, मग मला बघितलं. "मास्तर," त्या आपल्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "हा रोग नाही. हा बाप आहे."

आणि त्याच क्षणी आईच्या शेजारी पालथ्या घातलेल्या डालग्याखालून बांग आली.

मडमबाई चिडल्या नाहीत, तेच जास्त वाईट. "संध्याकाळी मी याच वाटेनं परत येईन," त्या म्हणाल्या. "तोवर हा कोंबडा तरी गेलेला असेल, नाहीतर माझी पेटी तरी भरलेली असेल. तुम्ही ठरवा."

छकडा नजरेआड झाल्यावर मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा, आणि लाज वाटेल असा. तिनं सगळं सांगितलं. बोडक्याचा मुक्काम मळ्यातल्या काकूंकडे. सकाळी शाळेची घंटा झाली की आई त्याला घरी आणायची, सुटायच्या घंटेला मळ्यात पोचवायची. पुढे पुढे घंटेसरशी तो आपणच ये-जा करू लागला. सगळ्या गावाला माहीत होतं.

"मग मी खाल्लं ते काय?"

"कुत्र्यानं मोडल्याली ती पांढरी. मराया टेकली हुती." आणि वर म्हणाली, "लई ग्वाड लागली म्हनालास."

मी सुरी घेतली. "आण त्याला. आज मीच कापतो."

आईनं वाद घातला नाही. डालगं उचललं, बोडक्याला आणलं, पाय धरून माझ्यापुढे केला. मी त्याची मान मुठीत घेतली. पिसं नव्हती, नुसती कातडी; ऊन ऊन, आणि आत काहीतरी भराभरा उडत होतं. पंधरा दिवस मी अशाच सहा माना चोळल्या होत्या. माझ्या करंगळीला अजून तेलाचा वास होता. बोडक्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तसाच उभा राहिलो. हात पुढे जाईना.

"मला बी आसंच झालं हुतं," आई हळूच म्हणाली. "तू दोन वर्सं नगरला ट्रेनिंगला हुतास, बाबा. घरात बोलाया दुसरं कोन हुतं?"

मी सुरी ठेवली आणि पेटी काढून पुसायला घेतली. संध्याकाळी चार कोंबड्या आणि तो भित्रा कोंबडा मीच आत भरले. मडमबाईंनी झाकण लावलं, पिल्लांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ही ठेवा. यांना आमच्याकडे जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा शाळेवर होतो. सुटायची घंटा झाली, पोरं बाहेर सांडली आणि एकदम कडेला झाली. वाटेच्या मधोमध बोडक्या चालला होता, एकटाच, मान ताठ करून, मळ्याकडे. आता लपायचं कारण उरलं नाही, हे त्याला कोण सांगणार?

मी पुढे झालो. सगळ्या शाळेदेखत त्याला उचलून काखेत घेतला आणि घरी आईकडे नेला.