गिऱ्हाइकाची खुर्ची

बोलायला शिकवणाऱ्या माणसाकडं किस्से लई साठतात. माणूस माइकपुढं उभा राहिला की काय करेल याचा नेम नसतो! पण आमच्या कोल्हापुरातल्या रविवार सकाळच्या क्लासचे हे किस्से मी सहसा सांगत नाही. लोक मला वेड्यात काढतात आणि मग माझं डोकं फिरतं.

क्लासचा एक नियम आहे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवायची. ती गिऱ्हाइकाची. आपल्या धंद्याबद्दल जे सांगायचं ते तिच्याकडं बघून सांगायचं.

*

गडमुडशिंगीचे तानाजीराव पशुखाद्य विकतात. आवाज असा की शेजारच्या गल्लीतली माणसं खिडकीत यायची. हळू बोला, हळू बोला म्हणून माझा घसा बसला. एका रविवारी गडी बोलता बोलता आपोआप हळू झाला. म्हटलं, जमलं की! तर खुर्चीकडं हात करून म्हणाले, "गिऱ्हाईक म्होरं वाकून ऐकाय लागलंय सर. वरडून कसं चालंल?"

सगळे हसले. मीही हसलो.

*

कापडवाले जयपालशेठ एकदा उशिरा आले आणि नियम विसरून त्याच खुर्चीत बसले. बसले तसे उठले. मला वाटलं, नियम आठवला असेल. चहाच्या वेळी त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, आत्ता तिथनं कोण उठून गेलं? खुर्ची गरम लागली म्हणे.

सकाळपासून तिथं कुणी बसलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून शेठ मागच्या रांगेत, दाराजवळ!

*

चुका दाखवायला मी सगळ्यांचे व्हिडिओ घेतो. एकदा चौघांचे ओळीनं लावले. चौघांची नजर खुर्चीवर, अगदी शिकवल्यासारखी. आणि शेवटी चौघांनीही मान वर करून दाराकडं बघितलेलं. का म्हणून विचारलं, तर चौघंही गोंधळले. "त्यो उठला न्हवं का?"

खरं सांगतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

*

आता हुपरीच्या सुनंदाताई. घरातच पैंजणांचा कारखाना, कामाला सहा बायका. गिऱ्हाइकाशी बोलायचे ते यजमान, ताई शेजारी गप्प. यजमान वारले आणि बोलणारंच कुणी उरलं नाही. जुने व्यापारी एकेक करून तुटले. पुण्याच्या एका नव्या व्यापाऱ्याबरोबर मीटिंग ठरली होती, ती फिसकटली तर कारखान्याला कुलूप. आणि क्लासमध्ये ताईंची गाडी "नमस्कार"च्या पुढं सरकत नव्हती! मला राहवेना. मीटिंगला मीही गेलो आणि मागं दाराजवळ बसलो.

ताई "नमस्कार" म्हणाल्या आणि अडकल्या. व्यापारी घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात ताईंनी शेजारच्या रिकाम्या जागेकडं मान वळवली आणि जरा रागानंच म्हणाल्या, "अहो, तुमी गप बसा. मी सांगते."

मग वीस मिनिटं बाई थांबल्या नाहीत. नक्षी, कडी, घुंगरू, सगळं हातात घेऊन दाखवलं. ऑर्डर तिथंच पक्की झाली.

निघताना व्यापाऱ्यानं मला बाजूला घेतलं. बाई फार छान बोलल्या म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पण त्यांच्या शेजारी बसलेले ते गृहस्थ सारखे डोळे का पुसत होते?"