माझाही फोन ओरडायलाच हवा

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावू नका. मी अशी काही शोभा करून घेतलीय ना, की नारायण पेठेतला तो जिना चढताना अजून माझे पाय अडखळतात!

सगळी सुरुवात माझ्या धाकट्या जावेनं केली. सुनंदा तिचं नाव. ती पेठेत राहते, मी वारज्याला. तिची लेक ऋतुजा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं आईच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. फसवणुकीचा मेसेज आला रे आला की फोन बाईच्या आवाजात ओरडतो, "सावधान! हा मेसेज धोकादायक आहे. उघडू नका!"

आणि ओरडला कधी? नेमका माझ्या घरच्या हळदीकुंकवाला! पंधरा बायका माझे बटाटेवडे टाकून तिच्याभोवती गोळा. "अय्या, काय हुशार फोन हो तुमचा!" सुनंदा अशी लाजली, जसा काही तो फोन तिनंच नऊ महिने पोटात वाढवला होता. सकाळपासून वडे तळून माझे हात भाजलेले, त्याचं कोणाला काही आहे?

जळले मी. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी ऋतुजाला बोलावून माझ्याही फोनमध्ये ते ॲप टाकून घेतलं आणि बसले वाट बघत. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस! फोन मुका. भाजीवालीचा मेसेज, गॅसवाल्याचा मेसेज. सगळे मेले सज्जन! सुनंदाला रोज तीन-तीन भामटे मेसेज करतात आणि मला एकही नाही? मी काय इतकी टाकाऊ आहे?

यांना म्हटलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, चोरांनाही जिवाची भीती असते."

मग मीच डोकं चालवलं. शाळा चौथीपर्यंतच झालीय, पण डोकं काही चौथीत थांबलं नाही! उठायचं आणि पेठेत सुनंदाकडे चहाला जायचं. ती स्वयंपाकघरात गेली की तिचा फोन उचलायचा. "तुमची वीज आज तोडणार", "तुमचं पार्सल अडकलंय", असे तिला आलेले दोन-तीन मेसेज माझ्या नंबरवर धाडायचे आणि तिच्याकडून पुसून टाकायचे. माझं नेट तोवर बंद. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर चार बायका जमल्या की नेट चालू!

"सावधान! सावधान! सावधान!"

काय सांगू, बायकांचे डोळे एवढे मोठे! मी आपली पदर सावरत म्हणायची, "रोजचंच आहे हो. फार मागे लागलेत माझ्या."

आठवड्यात चारदा गेले मी सुनंदाकडे. ती बिचारी म्हणाली, "ताई, हल्ली तुमची माया फार वाढलीय."

पाचव्यांदा गेले नाही, कारण पुढच्याच आठवड्यात ऋतुजाचं लग्न ठरलं. आणि ते मला कोणी सांगितलं? यांनी! "भावाचा फोन होता. रविवारी साखरपुडा आहे, जायचंय."

"तुम्हाला सांगितलं म्हणजे मला सांगितलं का?" मी कडाडले. आमच्याकडे रीत आहे. विहीणबाईंची ओटी थोरल्या जावेनं भरायची आणि तिला बोलावणं धाकटीनं स्वतः करायचं. मानाचं बोलावणं ते! बायकांचं बायकांनी. बुधवार गेला, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेला. सुनंदाचा फोन नाही, मेसेज नाही.

"अगं, तूच विचार ना तिला," हे म्हणाले.

"मी? माझा मान मीच मागायला जाऊ?"

रविवारी मात्र गेले. जेवायला नाही हो, भांडायला! घरच्या साडीवर गेले, मुद्दाम. जिना चढले, दारातच उभी राहिले. आत पाटावर नारळ, खण, तांदूळ सगळं मांडून सुनंदा दाराकडेच डोळे लावून बसलेली. मुलाकडची वीसेक माणसं चुळबुळत होती.

"मिळाली का गं दुसरी थोरली जाऊ?" मी दारातूनच.

सुनंदा चाटच पडली. "ताई, अहो किती फोन केले! तुम्ही उचलत नाही. मेसेजला उत्तर नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"खोटं! हा बघ माझा फोन. दाखव, कुठेय तुझं बोलावणं?" आणि मी फोन सगळ्यांसमोर ऋतुजाच्या हातात दिला. माझ्याच हातानं, बरं का!

ऋतुजानं कुठेतरी दाबलं, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. आधी वाटलं रडतेय.

"काकू... ॲपनं आईचा नंबरच बंद केलाय. फोन, मेसेज, सगळंच. सारखे फसवणुकीचे मेसेज एकाच नंबरवरून आले, म्हणून ती भामटी ठरली."

"माझ्या नंबरवरून?" सुनंदा पुढे आली. "मी कधी पाठवले?"

पोरगी वाचायला लागली. सोमवार, दुपारी चार. बुधवार, दुपारी चार. शुक्रवार, दुपारी चार...

चारला कोण यायचं चहाला, हे सुनंदाला बोटं मोजून आठवावं लागलं नाही. त्याखाली तिचे खरे मेसेज होते. "ताई, तुमच्याशिवाय ओटी कोण भरणार?" "ताई, रागावलात का?" असे सात.

विहीणबाईंनी हळूच विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "आमच्या ताईंना मेसेजची फार हौस आहे."

ओटी मीच भरली. घरच्या साडीत, मान खाली घालून. तांदूळ निम्मे विहीणबाईंच्या पदरात, निम्मे जमिनीवर.

भरून उठले तर सुनंदा समोर, हातात तिचा मोबाईल. चेहरा अगदी सरळ. "घ्या ताई. सकाळपासून दोन नवीन आलेत. स्वयंपाकघरात जाऊन निवांत पाठवा."

सगळी खोली हसली. आणि आता तुमच्यापासून काय लपवू? तेवढ्यातही माझा हात पुढे गेला हो!