मोतीरामचं मीटर

डोणगावच्या बाजारात मोतीराम रेडिओवाल्याचं दुकान म्हणजे एक टपरी, एक स्टूल अन् दोन मणाचा तोरा. महाराष्ट्र होऊन आठ वर्षं झाली होती, रेडिओ घरोघर येत होते, आणि बिघडलेल्या दर दुसऱ्या रेडिओवर ह्याचा एकच निकाल, "कॉईल जळली. फेकून द्या." गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की वायर शाबूत का तुटकी ते सुईनं दाखवणाऱ्या मीटरकडे बोट. "मी नाही, सुई सांगून राह्यली!" उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

अन् ते मीटर! दर दसऱ्याला त्याची पूजा. हळदकुंकू, झेंडू, वर लाल नाडा. पाच दसऱ्यांचे पाच नाडे. गाठ सोडली की लक्ष्मी जाते म्हणे, म्हणून पाच वर्षांत झाकण उघडलंच नव्हतं. असल्या शहाण्याशी त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, संसार करावा लागत होता.

एक दिवस तिचाच रेडिओ बंद पडला. भाऊ वारला त्याच्या आदल्या भाऊबीजेला त्यानं दिलेला. मोतीरामनं मीटर लावलं, सुई जेमतेम हलली. "गेली कॉईल. उद्या खोलतो अन् सुटे भाग शेगावच्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

वच्छलाबाईजवळ भावाची तेवढीच एक खूण उरली होती. पण बाई सातवी पास होती. मीटरसोबत आलेला हिंदी कागद नवऱ्यानं फळीवर अंथरून वर चहाचा डबा ठेवला होता. तिनं तो काढून वाचला. वरच लिहिलेलं: आधी दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना लावा, सुई शून्यावर यायला हवी, नाही आली तर आतला सेल बदला.

सकाळी ती टपरीवर उभी राहिली. "टोकं भिडवा बरं."

"काऊन? जळलं म्हंजे मीटर!"

तिनंच भिडवली. सुई शून्याच्या बरीच अलीकडे थांबली.

"पाहा. हे सोताच खोटं, अन् लोकाइच्या कॉइली तपासते!"

तिनं कात्रीनं पाचही नाडे कापले. मोतीराम "लक्ष्मी, लक्ष्मी" करत राहिला. आतला सेल फुटून पांढरा पडला होता. घरून आणलेल्या बॅटरीतला सेल तिनं त्यात घातला, सुई शून्यावर आली. मग कॉईल तपासली तर ठणठणीत! एक वायर तेवढी सुटली होती. तिनं कथलाचा डाग दिला, रेडिओ बोलू लागला. वच्छलाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पाह्यलं? केला का नाही दुरुस्त!" मोतीरामनं शेजारच्या पानवाल्याला ऐकू जाईल असं म्हटलं. मेल्याला लाज म्हणून नाही!

वच्छलाबाईचं डोकं फिरलं. तिनं स्टुलाखालचा पत्र्याचा डबा ओढला. आत लोकांच्या रेडिओतून काढून ठेवलेल्या "जळलेल्या" कॉइली, दरेकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी. एकेक तपासली. गोजरबाईची चांगली. अर्जुनरावाची चांगली. चौदातल्या अकरा चांगल्या. डबा तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"ज्याची त्याले नेऊन द्या."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक कवाचेच म्हनून राह्यले. तुमालेच ऐकू येत नव्हतं."